व्यावसायिक संघांच्या लेखापरीक्षणाची वाटचाल : कायदा आणि कोकणातील वहिवाट

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत तालुक्याच्या गावी वकील, डॉक्टर, अभियंते, औषधविक्रेते यांचे संघ आहेत, आणि त्यांच्या वार्षिक सभेपुढे जमाखर्च येतो तेव्हा त्यासोबत सनदी लेखापालाचा (सी.ए.चा) अहवाल असणार हे आज गृहीत धरले जाते. सभासदांनीच सभासदांचे हिशेब पाहायचे या जुन्या रीतीपासून संघाशी कोणताही हितसंबंध नसलेल्या माणसाने ते तपासायचे इथपर्यंत येण्यास मात्र जवळजवळ शतक गेले.

आपल्याकडील बहुतेक संघांची नोंदणी ज्या कायद्याखाली होते तो संस्था नोंदणी अधिनियम १८६० सालचा आहे. दरवर्षी कार्यकारी मंडळाची यादी निबंधकाकडे पाठवावी असे त्यात सांगितले होते, परंतु हिशेब तपासून घेण्याची सक्ती मूळ कायद्यात नव्हती. त्यामुळे तपासणी कशी करायची हे प्रत्येक संस्थेच्या घटनेवर अवलंबून राहिले. सभेने आपल्यातलेच एक-दोन जण हिशेबतपासनीस म्हणून निवडायचे आणि त्यांनी कीर्द, पावतीपुस्तके व व्हाउचरे पाहून सही करायची, ही रीत त्यातून रुळली. कोकणाला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते, कारण उत्सव आटोपल्यावर देवस्थानचा जमाखर्च गावकऱ्यांपुढे वाचायचा आणि मुंबईच्या ग्रामस्थ मंडळानेही तो पाहायचा, हा प्रघात इथे अनेक गावांत आहे. या रीतीचे मोल कमी लेखू नये. खर्च दाखवलेला कार्यक्रम खरोखर झाला का, किती माणसे जेवली, मंडप कोणाचा होता, हे तिथे हजर असलेला सभासदच सांगू शकतो. तिची मर्यादाही तिथेच आहे. खजिनदार आणि तपासनीस एकाच बाररूममध्ये रोज भेटणारे असतात, पुष्कळदा एक दुसऱ्याचा ज्युनिअर असतो, आणि ज्यांच्या हाताखाली वकिली शिकलो त्यांच्याकडे हरवलेले व्हाउचर मागणे कोणालाही जड जाते.

बाहेरचा तपासनीस नेमायचा तर तसा व्यवसाय अस्तित्वात असावा लागतो. १९१३ च्या कंपनी कायद्याने कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्यांना सरकारी प्रमाणपत्र आवश्यक केले. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले आणि पुढे तिथे लेखाकर्माची सरकारी पदविका मिळू लागली. १९३२ मध्ये नोंदणीकृत लेखापालांची व्यवस्था आली, आणि १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापाल अधिनियम लागू होऊन या व्यवसायाला स्वतःची संस्था व स्वतःची शिस्त मिळाली. ज्या उपक्रमात आपला मोठा आर्थिक हितसंबंध आहे त्याच्या हिशेबपत्रकांवर अभिप्राय देणे हे या शिस्तीत गैरवर्तन ठरते.

दुसरा धागा सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा. त्यांच्या कारभाराची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने १९४८ मध्ये न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्यानंतर १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आला. धर्मादाय हेतूने स्थापन झालेली नोंदणीकृत संस्थाही त्याच्या व्याख्येत येते. म्हणून संघाच्या घटनेतील उद्दिष्टांचा मजकूर, म्हणजे सभासदांच्या हितापलीकडे मोफत कायदेविषयक सल्ला किंवा आरोग्य शिबिरे यांचा त्यात समावेश आहे की नाही, याला एवढे महत्त्व आहे. कलम ३३ ने दरवर्षीची तपासणी सक्तीची केली. कलम ३४ त्याहून महत्त्वाचे वाटते. लेखापरीक्षकाने आपल्या अहवालाची प्रत धर्मादाय कार्यालयाकडे पाठवावी आणि नियमबाह्य किंवा अनुचित खर्च, वसूल न केलेल्या रकमा, झालेले नुकसान यांची त्यात नोंद करावी, असे ते सांगते. ज्यांचे हिशेब तपासले त्यांच्यापलीकडे कोणाला तरी उत्तर द्यायचे, हे तत्त्व इथे प्रथम ठामपणे आले.

वकिलांच्या बाबतीत १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने बार कौन्सिलचे, म्हणजे वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या वैधानिक मंडळाचे, हिशेब कंपन्यांचे लेखापरीक्षण करण्यास पात्र असलेल्यांकडून तपासून राजपत्रात प्रसिद्ध करण्याची तरतूद केली, पण तालुक्याचा वकील संघ हा बार कौन्सिल नव्हे आणि त्याला ती लागू होत नाही. आयकराची बाजू थोडक्यात सांगता येईल. १९७३ पासून धर्मादाय सवलतीसाठी नोंदणी आणि ठरावीक मर्यादेपलीकडे लेखापरीक्षण ही अट झाली, आणि महाराष्ट्राच्या बार कौन्सिलला ही सवलत मिळू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये दिला.

कोकणात या सगळ्याची खरी कसोटी आपत्तीच्या काळात लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड व उत्तर रत्नागिरीची दैना केली, आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. अशा वेळी संघांकडे बाहेरूनही मदतीचा पैसा येतो. तो वर्गणीत मिसळून चालत नाही, ताळेबंदात त्याचा निधी वेगळा दाखवावा लागतो आणि त्यातून झालेला खर्च त्याच हेतूचा होता का हे तपासावे लागते, कारण देणगीदार वार्षिक सभेत प्रश्न विचारायला येणार नसतो. आणि पुरात खुद्द संघाची कागदपत्रेच भिजली तर? लेखापरीक्षक मग बँकेचे उतारे मागवतो, ज्यांना पैसे दिले त्यांच्याकडून लेखी खात्री करून घेतो, पावत्यांच्या स्थळप्रती धुंडाळतो. एवढे करूनही जे सिद्ध होत नाही त्यापुरता आपला अभिप्राय सशर्त ठेवतो. सशर्त अभिप्राय म्हणजे संघावरचा ठपका, असा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. पुरावा कुठे संपला हे सांगणारा तो प्रामाणिक शेरा असतो.

स्वतंत्रतेची अडचण आज उरली आहे ती नेमणुकीत. ज्या खजिनदाराचे काम तपासायचे त्यानेच परीक्षक सुचवायचा आणि सभेने हात वर करायचा, किंवा ज्या कार्यालयाने वह्या लिहिल्या त्याच कार्यालयाने त्यांवर सही करायची, हे छोट्या गावांत सहज घडते, कारण सनदी लेखापाल मोजकेच असतात. शेजारच्या तालुक्यातील परीक्षक नेमणे थोडे खर्चाचे असले तरी करावे. वर्ष ३१ मार्चला संपते आणि तपासणी सहा महिन्यांत पुरी करायची असते. त्यातले निम्म्याहून अधिक दिवस पावसाळ्याचे आणि त्यातच गणपती, त्यामुळे कागद एप्रिल-मेमध्येच परीक्षकाच्या हाती जाणे बरे. १ जुलै २०१९ पासून सनदी लेखापालाच्या प्रत्येक लेखापरीक्षण अहवालावर अठरा अंकी-अक्षरी ओळखक्रमांक असणे बंधनकारक आहे, आणि सनदी लेखापालांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून अहवाल खरोखर त्याच लेखापालाने दिला आहे का, हे कोणत्याही सभासदाला घरबसल्या पडताळता येते.