मायग्रेनमधल्या रासायनिक बदलांचं मेंदू-चित्रण

मायग्रेनच्या म्हणजे अर्धशिशीच्या अटॅकमध्ये, आणि दोन अटॅकच्या मधल्या बऱ्या दिवसांतही, मेंदूतल्या रसायनांचं काय होतं हे डोकं न उघडता मोजायच्या पद्धती. डॉक्टर लिहून देतात तो साधा एमआरआय किंवा सीटी स्कॅन यात येत नाही, तो गाठ, रक्तस्राव असलं काही नाही ना एवढ्यासाठी असतो आणि मायग्रेनच्या बहुतेक पेशंटमध्ये नॉर्मलच येतो. इथल्या मुख्य पद्धती दोन. एक एमआर स्पेक्ट्रोस्कोपी, जी एमआरआयच्याच मशीनवर होते पण चित्राऐवजी रसायनांच्या शिखरांचा आलेख देते. दुसरी पेट स्कॅन, ज्यात किरणोत्सारी खूण लावलेलं औषध शिरेतून देऊन ते मेंदूत कुठे जाऊन चिकटतं ते बघतात.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. कोपनहेगनमध्ये ओलेसेन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये किरणोत्सारी झेनॉन वापरून ऑराच्या (डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चमक-रेषा दिसणं वगैरे) वेळी मेंदूच्या पृष्ठभागावर रक्तप्रवाह कमी झाल्याचा पट्टा हळूहळू पुढे सरकताना दाखवला, काही जण तिथून मोजतात. पण तो रक्तप्रवाह होता, रसायन नव्हे. त्याआधी इटलीत सिक्युटेरी यांनी १९६१ मध्ये अटॅकच्या वेळी लघवीत सेरोटोनिन या चेतापेशींत निरोप नेणाऱ्या रसायनाचा टाकाऊ पदार्थ वाढतो असं सांगितलं होतं, तेही रसायनच, पण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात आणि प्लेटलेटमध्ये असतं, त्यामुळे लघवीवरून मेंदूचं काही सांगणं अवघडच. म्हणून डेट्रॉइटच्या वेल्च यांच्या गटाने १९८९ मध्ये फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपीवर (फॉस्फरस असलेली रसायनं दाखवणारी) केलेलं काम ही खरी सुरुवात धरणं जास्त सयुक्तिक वाटतं.

त्या कामात अटॅकच्या वेळी फॉस्फोक्रिएटिन आणि अकार्बनी फॉस्फेटचं गुणोत्तर घसरलेलं दिसलं, म्हणजे पेशींची राखीव ऊर्जा कमी पडत होती, पण पीएच मात्र होता तिथेच होता. ही बारीक वाटणारी गोष्ट महत्त्वाची आहे, कारण तेव्हा गाजत असलेल्या सिद्धांताप्रमाणे आधी रक्तवाहिन्या आकसून मेंदूला ऑक्सिजन कमी पडायला हवा होता, आणि तसं झालं असतं तर आम्ल साठून पीएच खाली यायला हवा होता, तो आला नाही. त्याच वर्षी त्याच गटाने मेंदूतलं मॅग्नेशियम कमी असल्याचंही मांडलं. मॅग्नेशियम यात थेट दिसत नाही बरं का, एटीपी या ऊर्जा वाहणाऱ्या रेणूचं शिखर आलेखावर किती सरकलंय त्यावरून त्याचा हिशोब काढतात. पुढे इटलीत बोलोन्याच्या संशोधकांना फॉस्फोक्रिएटिन अटॅक नसतानाही कमी सापडलं, त्यामुळे ऊर्जेची ही तूट अटॅकने आलेली नसून आधीपासूनच असावी या मताला जोर आला. ऑक्सिजन कमी पडला की वाढणाऱ्या लॅक्टेटबद्दलचे निकाल मात्र उलटसुलट आहेत.

ग्लुटामेट (चेतापेशींना चेतवणारं रसायन) आणि गाबा (त्यांना शांत करणारं) यांचं मोजमाप हायड्रोजन स्पेक्ट्रोस्कोपीने होतं आणि गोंधळ इथे सर्वांत जास्त आहे. गाबा मेंदूत अगदी थोडं असतं आणि त्याचं शिखर क्रिएटिनच्या मोठ्या शिखराखाली झाकलं जातं, ते बाहेर काढायला खास प्रकारचे सिग्नल वापरून वजाबाकी करावी लागते, आणि तरीही सिग्नल पुरेसा मिळावा म्हणून साधारण तीन सेंटिमीटर बाजूचा ठोकळा निवडून दहाएक मिनिटं पेशंटला मान न हलवता पडून राहावं लागतं. एवढ्या मोठ्या ठोकळ्यात करडा भाग, पांढरा भाग, पाणी सगळंच येतं. शिवाय कोणी आकडा क्रिएटिनच्या तुलनेत देतं, कोणी पाण्याच्या, त्यामुळे एका गटाला गाबा कमी आणि दुसऱ्याला जास्त सापडलं तर फार नवल नाही. ग्लुटामेट डोक्याच्या मागच्या, दृष्टीच्या भागात वाढलेलं असतं याकडे कल थोडा जास्त आहे, सात टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवरही तसं दिसलंय.

सेरोटोनिनचा वाद जुना. अटॅक नसताना मेंदूत सेरोटोनिन कमी असतं आणि अटॅकमध्ये ते एकदम वाढतं, असं बरीच वर्षं धरून चालत होते. डेट्रॉइटमध्येच डायेन चुगानी यांनी १९९९ मध्ये अल्फा-मिथाइल ट्रिप्टोफॅनवर (ट्रिप्टोफॅन म्हणजे सेरोटोनिनचा कच्चा माल) कार्बन-११ ची खूण लावून पेट केला तेव्हा मायग्रेनच्या पेशंटमध्ये सेरोटोनिन बनवण्याची क्षमता उलट जास्त आढळली. यावर आक्षेप असा की हा पदार्थ सेरोटोनिनचं उत्पादन मोजतो की फक्त ट्रिप्टोफॅन मेंदूत किती शिरतं तेच मोजतो हे नक्की नाही, आणि आक्षेपात तथ्य आहे. नंतर कोपनहेगनच्या गटाने २०१८ मध्ये वेगळा रस्ता धरला, ५-एचटी४ हा सेरोटोनिनचा रिसेप्टर (पेशीवरची ते चिकटायची जागा) मोजला. सेरोटोनिन बराच काळ जास्त राहिलं की हा रिसेप्टर कमी होतो. पेशंटमध्ये तो अटॅकच्या मधल्या काळात कमी निघाला. म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी जाऊन उत्तर एकाच बाजूला येतंय, त्यामुळे कायमच्या कमी सेरोटोनिनचा जुना सिद्धांत आता तेवढा टिकाऊ वाटत नाही. अर्थात रिसेप्टर जन्मतःच कमी असण्याची शक्यता उरतेच.

पेटचे निकाल वाचताना उलटा हिशोब लक्षात ठेवावा लागतो: खूण लावलेलं औषध कमी चिकटलं तर तिथे शरीराचं स्वतःचं रसायन आधीच जागा धरून बसलंय असा अर्थ सहसा घेतात. मिशिगनच्या दासिल्वा यांच्या गटाने २०१४ मध्ये आपोआप आलेल्या अटॅकमध्ये ओपिऑइडच्या रिसेप्टरवर चिकटणारं कार्फेन्टॅनिल वापरून मेंदूच्या पुढच्या भागात ओपिऑइड (शरीराची स्वतःची वेदनाशामकं) सुटत असल्याचं दाखवलं ते असंच, आणि २०१७ मध्ये डोपामिनच्या रिसेप्टरवर चिकटणारं रॅक्लोप्राइड उलट जास्त चिकटलं म्हणून अटॅकमध्ये डोपामिन घटतं असा निष्कर्ष काढला. दोन्हीकडे पेशंट अगदी मोजके होते. त्याला कारणही आहे, कार्बन-११ चं अर्धआयुष्य साधारण वीस मिनिटं, म्हणजे औषध बनवायचा सायक्लोट्रॉन जवळच हवा, आणि नेमका त्याच वेळी ठणकणारं डोकं आणि मळमळ घेऊन कोणीतरी मशीनमध्ये निपचित पडायला तयार हवा. म्हणून बऱ्याच ठिकाणी नायट्रोग्लिसरीन शिरेतून देऊन अटॅक मुद्दाम आणतात, अशा आणलेल्या अटॅकची रसायनं आपोआप आलेल्या अटॅकसारखीच असतात का यावर चर्चा चालूच आहे.

औषध मेंदूच्या आत शिरतं का हा प्रश्नही पेटनेच बराच पुढे नेला. २०१६ मध्ये डायहायड्रोएर्गोटामिन या मायग्रेनच्या औषधावर कार्बन-११ ची खूण लावून पाहिलं तर नायट्रोग्लिसरीनने आणलेल्या अटॅकमध्येही ते मेंदूच्या ऊतीत चिकटलेलं दिसलं नाही, म्हणजे अटॅकमध्ये रक्त-मेंदू अडसर (रक्तातल्या बऱ्याच पदार्थांना मेंदूत शिरू न देणारा) सैल होतो हा समज निदान या औषधापुरता तरी खरा ठरला नाही. सीजीआरपी या मायग्रेनशी जोडलेल्या छोट्या प्रथिनाच्या रिसेप्टरच्या पेटमध्येही टेलकॅजेपंट हे औषध गुणकारी डोसला मेंदूतले फार थोडे रिसेप्टर व्यापतं असं २०१३ मध्ये दिसलं.

सूज-दाहाची बाजू नवी. बॉस्टनमध्ये २०१९ मध्ये ऑरासह मायग्रेन असलेल्यांत ग्लिया (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशी चेतल्याचं पेटमध्ये पीबीआर२८ या पदार्थाने दाखवलं. हा पदार्थ किती चिकटेल हे एका जनुकावर ठरतं, त्यामुळे स्कॅनआधी प्रत्येकाची जनुक चाचणी करावी लागते. दाहापेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे, मेंदूभोवतीच्या द्रवात सोडियम वाढल्याचं जर्मनीतल्या एका छोट्या, फक्त स्त्रियांवरच्या अभ्यासात त्याच वर्षी मांडलं गेलं.

भारतातलं पहिलं पेट केंद्र २००२ मध्ये मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं, पण आपल्याकडे पेटचा वापर मुख्यतः कॅन्सरसाठी होतो. निदानाला यातली एकही पद्धत अजून वापरत नाहीत, मायग्रेनचं निदान पेशंटने सांगितलेल्या लक्षणांवरूनच होतं.