पालक-मूल विशेष वेळ

पालकाने, किंवा मुलाला नेहमी सांभाळणाऱ्या कोणत्याही मोठ्या माणसाने, एका मुलाला रोज दिलेला छोटा, अखंड आणि आधी ठरवलेला वेळ. या वेळात काय करायचे ते मूल ठरवते. मोठे माणूस त्याच्या मागे जाते. बोलताना याला सर्रास ‘क्वालिटी टाइम’ म्हणतात, पण तो शब्द फार सैल झाला आहे. सहल, सिनेमा, गृहपाठ करून घेणे, एकाच खोलीत आपापले काम करत बसणे, असे सगळेच त्यात कोंबले जाते. यांतल्या बऱ्याच गोष्टी चांगल्या आहेत. मात्र त्यांची सूत्रे मोठ्यांच्या हाती असतात. विशेष वेळात ती मुलाकडे जातात, आणि नेमके हेच पाळायला मोठ्यांना जड जाते.

संज्ञा आणि उगम

‘क्वालिटी टाइम’ हा शब्दप्रयोग १९७० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. घराबाहेर नोकरी करणाऱ्या आयांची संख्या वाढत होती आणि मुलांना मिळणारा वेळ कमी पडतो का, हा प्रश्न चर्चेत होता. ‘वेळ थोडा असला तरी चांगला असावा’ हे त्यावरचे उत्तर. त्यात दिलासा होता तशी पळवाटही होती.

विशेष वेळाची रीत मात्र बालमानसोपचारातून आली. कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस पालकांना शिकवण्याची दोन टप्प्यांची पद्धत बसवली: आधी मुलाच्या कलाने खेळायला शिकायचे, मग स्पष्ट सूचना द्यायला. त्याच धाग्यावर शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात पालक-मूल परस्परसंवाद उपचार विकसित केला. त्यात पालक मुलाशी खेळतो, उपचारक एकतर्फी काचेमागून पाहतो आणि पालकाच्या कानातल्या यंत्रातून त्याला त्या क्षणी काय म्हणावे ते सुचवतो. हा उपचार प्रामुख्याने २ ते ७ वर्षे वयाच्या, वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी आहे, पण त्यातला रोज ५ मिनिटे घरी खेळण्याचा भाग कोणत्याही घरात वापरता येतो.

हे का चालते

तान्हे मूल हुंकारते, आई हुंकारून उत्तर देते, मूल पुन्हा आवाज काढते. या देवाणघेवाणीवर मुलाची भाषा, भावनांवरचा ताबा आणि माणसांवरचा विश्वास उभा राहतो. ती तुटली की काय होते, हे एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात ‘निश्चल चेहरा’ या प्रयोगातून दाखवले. बाळाशी खेळणारी आई दोन-तीन मिनिटांसाठी चेहरा कोरा करते आणि प्रतिसाद थांबवते. बाळ आधी हसून, हात हलवून तिला परत बोलावू पाहते. जमले नाही की नजर वळवते, अंग आक्रसते, पुष्कळदा रडू लागते. आई पुन्हा बोलू लागली तरी ते लगेच पूर्ववत होत नाही.

याच संशोधनातली दुसरी बाब पालकांना धीर देणारी आहे. चांगल्या जोड्यांतही आई आणि बाळ यांचा सूर सुमारे ३० टक्के वेळच जुळलेला असतो. उरलेला वेळ सूर चुकणे आणि पुन्हा जुळवणे यांत जातो, आणि बाळ शिकते ते त्या जुळवण्यातूनही. म्हणजे विशेष वेळ निर्दोष असावा लागत नाही. चुकल्यावर परत येणे पुरते.

रीत

वेळ थोडाच ठेवावा. लहान मुलासाठी ५ मिनिटे पुरतात; सवय झाली की १० ते १५ मिनिटांपर्यंत जाता येते. आठवड्यातून एकदा दोन तास देण्यापेक्षा रोजची ५ मिनिटे अधिक उपयोगी, कारण उद्या पुन्हा वेळ मिळणार याची मुलाला खात्री असते. भूक लागलेली, झोप अनावर झालेली किंवा पालकाला बाहेर निघायची घाई असलेली वेळ टाळावी. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. शेजारी उपडा ठेवलेला फोनही मोठ्यांची नजर ओढतो आणि मुलाला ते कळते.

दोन-तीन प्रकारची खेळणी समोर मांडावीत आणि निवड मुलाला करू द्यावी. ठोकळे, कागद-खडू, मातीचे गोळे, बाहुल्या, खेळण्यातली भांडी, गाड्या अशा, एकच ठरलेला शेवट नसलेल्या वस्तू चांगल्या. नियमांचे आणि हार-जितीचे खेळ या वयात टाळावेत, कारण नियम आला की तो पाळून घेणारा आला. फार पसारा करणारे रंग नकोत, कारण पालकाचे अर्धे लक्ष फरशीवर राहते. आदळआपट सुचवणारी खेळणी आणि पडदा असलेले कोणतेही साधनही नको. पालकाने जमिनीवर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे.

मग करायचे ते थोडके आहे. मूल जे करते ते शब्दांत मांडायचे: ‘तू लाल ठोकळ्यावर निळा ठेवलास.’ ते जे बोलते ते त्याला परत ऐकवायचे. ‘गाडी पल्ली’ असे ते म्हणाले तर ‘हो, गाडी पडली’ एवढेच. उच्चार आपोआप दुरुस्त होतो आणि चूक काढल्यासारखेही होत नाही. त्याच्या खेळाची नक्कल करायची: त्याने मनोरा रचला तर शेजारी आपलाही रचायचा, पण जरा बुटका. कौतुक नेमके करायचे. ‘शाब्बास’ने मुलाला बरे वाटते, पण कशाबद्दल ते कळत नाही, ‘मनोरा कोसळला तरी चिडला नाहीस, पुन्हा रचायला घेतलास, हे मला आवडले’ यातून कळते. आणि हे सगळे चेहऱ्यावर दिसावे, कारण कंटाळलेल्या आवाजातले वर्णन मूल लगेच ओळखते.

आयबर्ग यांच्या पद्धतीत पालक तयार झाला हे ठरवायचे माप आहे: ५ मिनिटांत १० नेमकी कौतुके, १० वेळा मुलाचे बोलणे परत ऐकवणे, १० वर्तनवर्णने, आणि प्रश्न, सूचना व टीका या तिन्ही मिळून तीनांपेक्षा जास्त नाहीत. घरी कोणी मोजत बसायची गरज नाही. पण एकदा स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकल्यास आपण किती प्रश्न विचारतो हे पाहून बहुतेक मोठी माणसे चकित होतात.

संपवण्याआधी मिनिटभर सूचना द्यावी: ‘आपला खेळ आता संपत आला.’ सुरुवातीचे काही दिवस मूल शेवटी रडते, आणखी मागते. वेळ वाढवून दिल्यास रडण्याने वेळ वाढतो हे ते शिकते. शांतपणे ‘उद्या परत’ म्हणून उठणे आणि उद्या खरोखर परत येणे, हाच उपाय.

कुठे चुकते

सर्वांत मोठी अडचण प्रश्नांची. ‘हा कोणता रंग? किती ठोकळे आहेत?’ असे विचारले की खेळाची परीक्षा होते आणि सूत्रे गुपचूप पालकाकडे परत येतात. ‘आपण आता घर बनवूया का?’ हा तर प्रश्नाच्या वेषातला हुकूमच. मूल नाही म्हणू शकत नाही, आणि म्हणाले तर मोठ्यांचा चेहरा उतरतो.

दुसरी चूक शेपूट लावलेल्या कौतुकाची: ‘छान आवरलेस, रोज असे केलेस तर?’ मुलाच्या कानात उत्तरार्धच राहतो. तिसरी, सामन्याच्या धावत्या समालोचनासारखे अखंड बोलणे. वर्णन हे साधन आहे. मूल रमलेले असेल तर गप्प बसून पाहणे हाच उत्तम प्रतिसाद. ‘बोलू नकोस’ असे ते म्हणाले, तर ते ऐकावे. सूत्रे त्याच्याच हाती आहेत.

बारीकसारीक खोड्यांकडे दुर्लक्ष करावे आणि वागणे सुधारले की लगेच लक्ष द्यावे. मारणे किंवा वस्तू फोडणे सुरू झाल्यास खेळ तेवढ्यापुरता थांबवावा. मात्र दिवसभरातल्या दुसऱ्या एखाद्या अपराधाची शिक्षा म्हणून विशेष वेळ काढून घेऊ नये. ज्या दिवशी मूल सर्वांत वाईट वागले, त्या दिवशी त्याला या वेळाची गरज सर्वांत जास्त असते; तो रद्द केला की तो बक्षीस होऊन बसतो.

भावंडे असतील तर प्रत्येकाला वेगळा वेळ द्यावा. दोघांना एकत्र घेतल्यास पालक पंच होतो. दुसरे मूल त्या वेळी कुठे असेल, हे आधीच ठरवावे. नाहीतर दारावरच्या थापांमध्ये ५ मिनिटे जातात.

वयानुसार

तान्ह्या बाळाबाबत सूत्रे त्याच्या नजरेत असतात. बाळाने तोंड फिरवले तर ते दमले आहे, नाकारत नाही. थांबावे, ते परत वळेल. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे एक वर्षाच्या आतील बाळांना पडदा अजिबात नको आणि २ ते ४ वर्षे वयात दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको असे सांगतात. बसून घालवायच्या वेळात त्यांची शिफारस मोठ्यांसोबत वाचन आणि गोष्टी यांची आहे.

वाचनातही सूत्रे मुलाकडे देता येतात. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये संवादी वाचनाची पद्धत मांडली. तीत मोठे माणूस सलग वाचत जात नाही. चित्रावरून मुलाला बोलते करते, त्याच्या उत्तराला दाद देते, त्यात एक-दोन शब्दांची भर घालते आणि ते वाढवलेले वाक्य मुलाकडून म्हणवून घेते. येथे प्रश्न चालतात, पण ‘हो-नाही’चे नव्हेत. ‘हा काय करतोय?’ विचारल्यावर मूल ‘पळतोय’ म्हणाले, तर ‘हो, कुत्र्याला घाबरून पळतोय’. तेच पुस्तक विसाव्यांदा मागितले तर वाचावे. मुलाला पुढचे पान माहीत असते म्हणूनच ते बोलू लागते.

८ ते १२ वर्षांच्या मुलाबरोबर नियमांचे खेळ खुशाल खेळावेत. त्याने आपल्याला काही शिकवावे, हा या वयातला सर्वांत चांगला प्रकार. जाणूनबुजून हरू नये, हे वय ते ओळखते.

किशोरवयात ठरवून समोरासमोर बसलेला वेळ चौकशीसारखा वाटतो. भांडी घासताना, प्रवासात, चालताना, म्हणजे नजर दुसरीकडे आणि हात गुंतलेले असताना ही मुले बोलतात, तेही पुष्कळदा रात्री उशिरा. त्या वेळी आसपास असणे हीच पालकाची तयारी. उपाय सुचवण्याआधी ‘नुसते ऐकू, की काही सुचवू?’ असे विचारावे.

मर्यादा

मेलिसा मिल्की आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अमेरिकी अभ्यासात ३ ते ११ वर्षांच्या मुलांबरोबर आईने घालवलेल्या तासांचा त्यांच्या वर्तनाशी, भावनिक स्थितीशी किंवा अभ्यासाशी संबंध आढळला नाही. किशोरवयात मात्र पालकांसोबतच्या सहभागाच्या वेळाचा संबंध काही बाबतींत दिसला. याचा अर्थ तास निरर्थक, असा काढणे घाईचे आहे. मुलाला मनातले सांगावेसे केव्हा वाटेल याचे वेळापत्रक नसते, आणि त्या क्षणी घरात कोणी नसेल तर ठरवलेली १५ मिनिटे ती जागा भरू शकत नाहीत.

विशेष वेळ म्हणजे लाड नव्हेत आणि शिस्तीला पर्यायही नव्हे. मूळ उपचारातही पुढचा टप्पा स्पष्ट, एका वेळी एकच सूचना देण्याचा आणि ती पाळून घेण्याचा आहे. पालक स्वतः नैराश्यात असेल तर ५ मिनिटांचा खेळही डोंगराएवढा वाटतो. तेथे आधी पालकाला मदत मिळायला हवी. दूर राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलवर हाच वेळ देता येतो: दोन्हीकडे सारखेच कागद-खडू किंवा एकाच पुस्तकाच्या दोन प्रती ठेवाव्यात, आणि ‘आज शाळेत काय झाले?’ हा प्रश्न सोडून मूल जे चित्र काढते तेच आपणही काढावे.