लेसमध्ये 'ईएससी[३१एम' दिसलं म्हणजे फाइल बिघडली?

इंदूरच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो: लॉग (प्रोग्रामने केलेल्या नोंदींची फाइल) 'लेस'मध्ये, म्हणजे टर्मिनलवर फाइल वाचायच्या प्रोग्राममध्ये, उघडल्यावर 'ईएससी[३१एम' असा कचरा दिसला तर फाइल करप्ट झाली, लगेच डिलीट करा.

थांबा, डिलीट करू नका. ती खूण रंगाची आहे. 'ईएससी' म्हणजे एस्केप, हा २७ क्रमांकाचा बाइट. त्यापुढचा ३१ म्हणजे लाल, ३२ हिरवा, ० म्हणजे रंग बंद. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, हे वाचून अक्षरं रंगवतं. लेस मात्र असे अदृश्य बाइट मुद्दाम उघडे करून दाखवतो. शंका येणं साहजिकच आहे, कारण फाइल थेट स्क्रीनवर ओतणाऱ्या 'कॅट' कमांडने तीच फाइल छान रंगीत दिसते.

पडताळायचं तर मजकूर छापणाऱ्या 'प्रिंटएफ' कमांडने लाल रंगात 'इंदूर' लिहून फाइलमध्ये साठवा. शब्दाचे १५ बाइट, रंग सुरू करायचे ५, बंद करायचे ४ आणि ओळ संपल्याचा १. बाइट मोजणारी 'डब्ल्यूसी -सी' कमांड बरोबर २५ सांगेल. बिघाडाला जागाच कुठे उरली?

आता लेसला कॅपिटल 'आर'चा पर्याय द्या, लाल दिसेल. छोटा 'आर' टाळलेला बरा: तो सगळेच नियंत्रण-बाइट जसेच्या तसे सोडतो आणि स्क्रीन विस्कटू शकते.

बहुतेक प्रोग्राम आउटपुट फाइलमध्ये जाताना रंग आपणहून गाळतात. तरीही खुणा आल्या, तर कमांडमध्ये 'कलर=ऑलवेज' (रंग नेहमी ठेवायचा पर्याय) आहे का ते आधी पाहा.