तरतूद वेगळी, खर्च वेगळा ओ

मार्चमध्ये राज्याचं बजेट आलं की ठरलेलंच, मुलांसाठी अमुक कोटी म्हणून ग्रुपवर फॉरवर्ड आणि खाली लगेच कोणीतरी 'एवढे पैसे खाल्ले कुणी?'. अरे अजून वर्ष सुरू नाही झालं, खातील कसे बे?

तरतूद म्हणजे एवढ्यापर्यंत खर्च करा अशी विधिमंडळाने दिलेली परवानगी, हे सगळ्यांना माहितीये. पुरवणी मागण्या, सुधारित अंदाज वगैरे भानगडी सोडून द्या, त्याने फार काही अडत नाही.

खरी गोची 'खर्च' या आकड्यात आहे. परवानगीनंतर पैसे बीम्सवर (राज्याची निधी वाटपाची ऑनलाइन सिस्टीम) टप्प्याटप्प्याने वितरित होतात, मग ट्रेझरीतून बिल निघालं की राज्याच्या वहीत तो खर्च झाला. पण कोणाच्या हातात गेला? डीपीसीच्या (जिल्हा नियोजन समिती) निधीतले 3 टक्के महिला-बालविकासाला असतात, त्यातून एखाद्या गावाला अंगणवाडीची खोली मंजूर झाली समजा. प्रशासकीय मान्यता, टेंडर करता करता आमच्या सोलापूरचा गड्डा, म्हणजे जानेवारीतली जत्रा, भरून उठतो पण, आणि 31 मार्चच्या आत पैसे झेडपीकडे वर्ग. झाला की नाही 100 टक्के खर्च? गावात अजून पाया खोदला नाही, पोरं देवळातच बसतात, कारण झेडपीला तो निधी वापरायला पुढचं अख्खं वर्ष असतं. दिवाळीच्या कपड्याचे पैसे भावाकडे देऊन ठेवले म्हणून पोराच्या अंगावर कपडा आला असं कोण म्हणतं का? मग तेच काम पुढच्या वर्षी पूर्ण झालं की परत बातमी. एकच रुपया तीनदा पेपरात.

म्हणून मला 'इतके टक्के निधी खर्च' या हेडिंगचा भयंकर राग येतो. त्यापेक्षा एका पोराचा हिशोब मांडा. अंगणवाडीतल्या पोषण आहाराचा 2017 ला ठरलेला दर साध्या लाभार्थी मुलाला दिवसाला 8 रुपये, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 2400 रुपये. सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईच्या पोराच्या ताटात हा दर धरून काय येतं ते कोटीच्या आकड्यात दिसतच नाही, दर वाढवा ही मागणी पण त्यामुळेच मागे पडते.

माहिती अधिकारात अर्ज टाकणार असाल तर नुसतं 'खर्च किती' विचारू नका. वितरित किती, झेडपीने प्रत्यक्ष बिलं किती दिली, कुठल्या महिन्यात, आणि अखर्चित किती परत गेले, हे चारही वेगळे विचारा, नाहीतर तोच 100 टक्केवाला कागद हातात पडतो.