अंतःप्रजनित प्रयोगशाळा उंदीर

सख्ख्या भाऊ-बहिणींचे पिढ्यानपिढ्या मीलन घडवून वैद्यकीय संशोधनासाठी तयार केलेला, जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकसारख्या उंदरांचा किंवा रॅटचा (मोठ्या जातीच्या उंदराचा) वंश. असे मीलन सलग किमान २० पिढ्या झालेले असावे आणि हयात असलेल्या सर्व प्राण्यांचे मूळ विसाव्या किंवा नंतरच्या पिढीतील एकाच जोडीपर्यंत पोहोचावे, अशी दुहेरी अट आहे. दुसऱ्या अटीकडे बऱ्याचदा दुर्लक्ष होते. एकाच घराण्याच्या दोन शाखा सुरुवातीलाच वेगळ्या वाढल्या, तर दोन्ही शुद्ध होतील, पण एकमेकींसारख्या होणार नाहीत.

प्रत्येक प्राण्यात जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. भावंडांच्या मीलनात दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता वाढते. उरलेली विविधता दर पिढीला सुमारे १९ टक्क्यांनी घटते. २० पिढ्यांनंतर अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, ९८.६ टक्के होतो आणि ४० पिढ्यांनंतर ९९.९ टक्क्यांच्याही पुढे जातो. कोणती प्रत टिकेल हे मात्र बहुतांशी योगायोगावर ठरते. हा गुणांक मोजण्याची रीत आनुवंशिकीतज्ज्ञ सिवॉल राइट यांनी १९२२ मध्ये मांडली. त्यांचे काम गिनीपिगांच्या अंतःप्रजनित घराण्यांवर चालले होते.

उंदराचा गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा असतो. पिल्ले तीन आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करतात आणि सहा ते आठ आठवड्यांत ती प्रजननक्षम होतात. तरीही नवा वंश उभा करायला वर्षे लागतात, कारण वाट सरळ नसते. सुरुवातीच्या पिढ्यांत दडलेली घातक जनुके उघडी पडतात, एका वेतातल्या पिल्लांची संख्या घटते, माद्या वांझ निघतात आणि अनेक घराणी मध्येच संपतात. टिकतात ती या गाळणीतून पार झालेली.

असे प्राणी जगणारच नाहीत, असे अनेकांना वाटत असतानाच क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९०९ मध्ये हार्वर्डमध्ये उंदरांचे अंतःप्रजनन सुरू केले. त्यातून डीबीए हा वंश आला. त्याच सुमारास फिलाडेल्फियातील विस्टार संस्थेत हेलन डीन किंग यांनी रॅटवर हेच काम हाती घेतले. आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सी५७ब्लॅक६ या काळ्या उंदराचे मूळ मॅसॅच्युसेट्समधील ॲबी लॅथ्रॉप यांच्या उंदीरपालन केंद्रात आहे. त्यांच्याकडून आलेल्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून लिटल यांनी १९२१ मध्ये हे घराणे सुरू केले. लॅथ्रॉप यांना केवळ उंदीर पुरवणाऱ्या बाई म्हणणे अन्यायाचे ठरेल. पैदाशीच्या काटेकोर नोंदी त्या स्वतः ठेवत आणि लिओ लोब यांच्यासह त्यांनी उंदरांच्या गाठींवर शोधनिबंधही लिहिले. लिटल यांनी १९२९ मध्ये मेन राज्यातील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. १९४७ च्या आगीत तिथले बहुतेक उंदीर मेले. पूर्वी ज्या शास्त्रज्ञांना उंदीर पाठवले होते, त्यांनी परत पाठवलेल्या जोड्यांतून वंश पुन्हा उभे राहिले.

एकसारखेपणाचा उपयोग काय, हे स्तनाच्या कर्करोगावरील एका कामातून नेमके कळते. सी३एच वंशाच्या माद्यांत हा रोग फार आढळे, तर सी५७ब्लॅकमध्ये क्वचित. दोन्हींचा संकर दोन प्रकारे केला, एकदा आई रोगप्रवण वंशाची आणि एकदा बाप. मुलींची जनुके दोन्हीकडे जवळपास तीच, पण रोग मुख्यतः रोगप्रवण आईच्या मुलींना झाला. म्हणजे कारण निव्वळ जनुकांत नव्हते. जॉन बिटनर यांनी रोगप्रवण वंशाची नवजात पिल्ले दुसऱ्या वंशाच्या दाईकडे पाजायला दिली, तेव्हा रोगाचे प्रमाण घसरले. १९३६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. दुधातून जाणारा तो घटक पुढे विषाणू ठरला. प्राणी एकसारखे नसते, तर दुधाचा हा परिणाम आनुवंशिकतेच्या गोंधळात हरवून गेला असता.

प्रत्यारोपणाचे शास्त्रही इथूनच वाढले. एकाच वंशातील उंदीर एकमेकांची त्वचा स्वीकारतात, दुसऱ्या वंशाची नाकारतात. जॉर्ज स्नेल यांनी एका वंशातील एकच जनुकभाग दुसऱ्यात वारंवार संकर करून उतरवला आणि नकार कुठून येतो ते शोधले. त्यासाठी त्यांना १९८० च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. अशा वंशासाठी परंपरेने दहा प्रतिसंकर (संकरित पिल्लांचा मूळ वंशाशी पुन्हा संकर) करतात. आता जनुकखुणा तपासून योग्य पिल्ले निवडली, की साधारण पाच पुरतात. तरीही हव्या जनुकाच्या शेजारचा तुकडा सोबत येतोच आणि निष्कर्ष काढताना तो विसरता कामा नये.

वंश एकदा शुद्ध झाला की काम संपले, हा समज घातक आहे. उत्परिवर्तने होतच राहतात आणि वेगळ्या ठेवलेल्या वसाहती हळूहळू दूर जातात. सी५७ब्लॅक६ च्या ६जे आणि ६एन या उपवंशांची फारकत १९५१ मधली. ६जे मध्ये इन्शुलिन स्रवण्याशी संबंधित एनएनटी या जनुकाचा एक भाग गळालेला आहे. ६एन मध्ये डोळ्याच्या पडद्याला इजा करणारे आरडी८ हे उत्परिवर्तन आहे. मधुमेहाच्या किंवा दृष्टीच्या अभ्यासात उपवंश न सांगता ‘काळे उंदीर वापरले’ एवढेच लिहिणारा निबंध अपुरा मानला पाहिजे. कधी असा बदल वरदानही ठरतो. सी३एच/एचईजे उंदीर जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनला (आवरणातील विषाला) जवळपास दाद देत नाहीत. ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये त्याचे कारण हे विष ओळखणाऱ्या टीएलआर४ जनुकात शोधले आणि जन्मजात प्रतिकारशक्तीचे मोठे दार उघडले.

म्हणून वसाहतीची शिस्त कडक असते. मधोमध वंशावळीची छोटी मूळ वसाहत ठेवतात आणि तिथून बाहेर गेलेला प्राणी परत आत घेत नाहीत. प्रत्येक पिंजऱ्याच्या कार्डावर जोडीचे क्रमांक, जन्मतारीख आणि पिढी लिहिलेली असते. काळ्या पिल्लांच्या वेतात एखादे तपकिरी पिल्लू दिसले, तर त्या जोडीची पैदास थांबवून चौकशी करतात. पण दोन काळ्या वंशांची सरमिसळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून डीएनए तपासणी अटळ आहे. १९७२ मध्ये उंदराचे भ्रूण गोठवून पुन्हा जिवंत करणे साधले, तेव्हापासून जुन्या पिढीचा साठा ठेवून वसाहत अधूनमधून ताजी करता येते.

एका वंशाचे निष्कर्ष सगळ्या उंदरांना लागू होत नाहीत, मग माणसांना लावताना तर अधिकच सावधपणा हवा. हव्या त्या पातळीची विविधता मिळावी, म्हणून आठ मूळ वंशांच्या संकरातून ‘कोलॅबोरेटिव्ह क्रॉस’ हा अंतःप्रजनित वंशांचा समूह तयार केला आहे. त्यातला प्रत्येक वंश पुन्हा भाऊ-बहीण मीलनानेच स्थिर करतात.