सांघिक प्रोत्साहन (बेळगावातील फाउंड्री उद्योग)

सांघिक प्रोत्साहन म्हणजे एकाच मालावर राबणाऱ्या कामगारांना बक्षीस, माहिती आणि मान एकेकट्याला न देता गटाला देण्याची पद्धत. कामगारांनी एकमेकांना धरून काम करावे, हा तिचा हेतू. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे परिसरातील फाउंड्री (ओतशाळा) आणि मशीनशॉपमध्ये ती फार मोलाची ठरते, कारण तिथे एक कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेला नग, पाच-सहा विभागांच्या हातांतून जाते आणि चूक बहुतेकदा शेवटच्या हाताला सापडते.

साच्याच्या वाळूत पाणी जास्त पडले की ओतताना वाफ धरते आणि कास्टिंगच्या कातडीखाली ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, राहतो. तो दिसतो मशीनशॉपमधल्या टर्नरने पहिला कट घेतल्यावर. तोवर साचा ठोकणाऱ्या मोल्डरची पाळी संपलेली असते, साच्याच्या पेट्यांचा आकडा वहीत चढलेला असतो. मग वाळूवाला मोल्डरकडे बोट दाखवतो, मोल्डर भट्टीकडे. मोल्डरला पेटीमागे पैसे असतील तर गोष्ट आणखी बिघडते. तो ठोकणी आटोपती घेतो, साचा सैल राहतो, कास्टिंग फुगते किंवा वाळू धुपून धातूत मिसळते. आकडा वाढतो आणि रिजेक्शन, म्हणजे नाकारलेला माल, तोही वाढतो. अशा ठिकाणी एकीवर भाषण देऊन काही होत नाही. मोजणी बदलावी लागते.

मोजायचे ते मशीनशॉपमधून पास झालेले नग. समजा, १० किलोचे १,००० नग ओतले आणि रिजेक्शन ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. ३० नग, म्हणजे ३०० किलो माल वाचला. पुन्हा वितळवणे, वाळू आणि मजुरी धरून किलोमागे २० रुपये वाचत असतील तर बचत ६,००० रुपयांची. निम्मी गटाला दिली तर १० जणांत प्रत्येकी ३०० रुपये येतात. हा हिशेब कामगाराला स्वतः करता आला पाहिजे. फक्त ऑफिसला कळणारे सूत्र निरुपयोगी. वीज गेली किंवा कच्चे लोखंड खराब आले, तर ते नुकसान गटाच्या खाती टाकू नये.

गट ८ ते १२ जणांचा असावा, त्याहून मोठा नको. दोर ओढण्याच्या प्रयोगांत फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान यांना माणसे वाढली की प्रत्येकाचा जोर घटतो असे आढळले (१९१३). गट विभागवार पाडू नये. वाळू, कोअर (नगातल्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा), मोल्डिंग, भट्टी, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) आणि मशीनशॉप यांतला निदान एकेक माणूस त्यात हवा, नाहीतर विभागांतली जुनी तेढ नव्या नावाने सुरू होते. कंत्राटी कामगारांना बाहेर ठेवणे ही हमखास होणारी चूक आहे. फेटलिंगला किंवा भट्टी भरायला तेच असतील, तर साखळीची एक कडी मोकळीच राहते.

पैसे महिन्याच्या आत आणि पगारापासून वेगळे द्यावेत. कायद्याचा ८.३३ ते २० टक्के बोनस वर्षातून एकदा येतो आणि तो कामगाराचा हक्क आहे. त्याला प्रोत्साहन म्हणणे चूक.

रोजचा आकडा फळ्यावर मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहावा. खानापूर, चंदगडकडचे कामगार मराठी, तर बैलहोंगल, गोकाककडचे बहुधा कन्नड बोलणारे. फळ्यापेक्षाही परिणामकारक म्हणजे नाकारलेला नगच टेबलावर ठेवणे: दोषाभोवती खडूचा गोल, बाजूला हीट नंबर (भट्टीतल्या त्या वितळीचा क्रमांक) आणि पाळी. माणसाचे नाव लिहू नये. नाव लिहिले की खराब नग टेबलावर न येता गुपचूप भट्टीत जातात.

पाळी बदलताना १० मिनिटांची गाठभेट हवी: वाळूचा ओलावा किती ठेवला, कुठला पॅटर्न (साच्याला आकार देणारा नमुना) झिजलाय, शेवटची हीट कशी गेली. त्या १० मिनिटांचा पगार द्यावा; तो नसेल तर सुटणारा कामगार गावची बस गाठायला निघून जातो.

भात लावणीत आणि गणपतीत रजा एकदम येतात. प्रत्येक मोक्याच्या कामाला दोन जाणते ठेवून रजांचे वेळापत्रक मे महिन्यात गटालाच ठरवू द्यावे. एकेकट्याला हजेरीबक्षीस दिल्यास एकमेकांची पाळी सांभाळून घेण्याची वृत्तीच मोडते.

योजना बहुधा मालकाच्या घाईने बुडते. रिजेक्शन उतरताच ५ टक्के हाच बचत मोजण्याचा नवा पाया धरला, तर सुधारणेची शिक्षा मिळाली असे कामगारांना वाटते, आणि ते बरोबरच असते. पाया निदान वर्षभर हलवू नये. ‘महिन्याचा उत्तम कामगार’ ही निवडही अशा ठिकाणी टाळावी. कामचुकाराविषयी आधी गटाने बोलावे, मग मेस्त्रीने.

जिथे काम मुळात एकट्याचे आहे, तिथे ही पद्धत लादू नये. वडगाव, खासबागेतल्या यंत्रमागांवर विणकराची मजुरी साडीमागे असते. तिथे जोड लागते ती कांडी भरणारी आणि विणकर यांचीच, आणि प्रोत्साहनही त्या दोघांपुरते ठेवलेले बरे.