विंडसर्फिंग क्लबात नाव घालायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि शर्यतीचा प्रवेश अर्ज

नारळी पौर्णिमा उलटली की आमच्याकडे चौकशीचे फोन सुरू होतात. बहुतेक आयांचे. “मुलीला ते फळीवर शीड लावून जातात ना, ते शिकायचंय. काय काय कागद आणू?” गोव्यातल्या एका छोट्या क्लबात मी हंगामातल्या जवळजवळ प्रत्येक रविवारी नोंदणीच्या टेबलावर बसते. तेच उत्तर फोनवर तुटक तुटक देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं, असं बरेच दिवस मनात होतं. वेंगुर्ला-सावंतवाडीकडची मुलंही इकडेच येतात, त्यामुळे लिहिताना डोळ्यांसमोर गोवाच आहे. मुंबईत क्लब वेगळे आणि समुद्रही वेगळा, पण कागदांचा क्रम थोड्याफार फरकाने हाच.

आधी हंगामाचं बघू, कारण अर्ज कधी करायचा हे त्यावर ठरतं. पावसाळ्यात समुद्र बंद. ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत शिकवणी आणि शर्यती चालतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारा मवाळ असतो आणि नवशिक्याला तोच हवा. फेब्रुवारीनंतर दुपारचे खारे वारे वायव्येकडून जोर धरतात, तेव्हा जुनी मुलं खूश आणि नवीन मुलं सारखी पाण्यात. म्हणून शिकायला यायचं तर अर्ज सप्टेंबरातच करा. मार्चमध्ये परीक्षा संपवून आलेल्या मुलांना आम्ही परत पाठवत नाही, पण पहिल्या आठवड्यात त्यांचा दम निघतो आणि काही जण तिथेच सोडून देतात. त्याचं फार वाईट वाटतं.

पात्रता: वय दुसरं, पोहणं पहिलं

आमच्याकडे साधारण नऊ-दहा वर्षांपासून पुढे घेतात. वरची मर्यादा नाही. पन्नाशीच्या दोन बाई गेल्या हंगामात शिकल्या. वयापेक्षा अंगकाठी महत्त्वाची. पाण्यात आडवं पडलेलं शीड दोरीने ओढून उभं करायचं असतं. त्यावर पाणी साचलेलं असतं आणि तो भार पाठीने नाही, पायांनी आणि स्वतःच्या वजनाने उचलायचा असतो. लहान मुलांना म्हणूनच छोटं शीड देतात.

पोहण्याच्या बाबतीत मात्र कुणालाच सूट नाही. आमच्या क्लबात अंगावर टी-शर्ट आणि अर्धी चड्डी ठेवून पन्नास मीटर पोहावं लागतं आणि नंतर पाच मिनिटं पाय न टेकता तरंगत राहावं लागतं. ही चाचणी आम्ही स्वतः घेतो. जलतरण तलावाचं प्रमाणपत्र जोडलं तरी घेतो. तलावात छान पोहणारी मुलं खाऱ्या पाण्याचा घोट नाकातोंडात गेला की गडबडतात, आणि ते आम्हाला किनाऱ्याजवळ, कंबरभर पाण्याच्या पलीकडे दोन हातांवर कळलेलं बरं. “लाइफ जॅकेट असतंच ना, मग पोहणं कशाला?” हा प्रश्न दर वर्षी येतो. जॅकेट माणसाला तरंगतं ठेवतं. पण अंगावर पडलेल्या शिडाखालून शांतपणे बाहेर यायला पाण्याची सवयच लागते.

क्लबाच्या सभासदत्वाला लागणारे कागद

जन्मदाखला. नगरपालिका, पंचायत, जिथला असेल तो. पालक हमखास आधार कार्डाची प्रत पुढे करतात. आधार ओळखीसाठी आणि पत्त्यासाठी घेतो, जन्मतारखेसाठी नाही. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं आधार देणाऱ्या प्राधिकरणानेच डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. शर्यतींत वयोगट असतात, आणि वयावरून हरकत आली तर दाखलाच लागतो. जन्मदाखल्यावर बाळाचं नाव घालायचं राहून गेलेलं असेल, तर ते काम आधी उरका. त्याला वेळ लागतो.

पालकांचं संमतिपत्र. अठरा वर्षांखालच्या मुलाची सही कायद्याने करार म्हणून धरता येत नाही, म्हणून आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांचीच सही हवी. काकाने, क्लासच्या सरांनी केलेली चालत नाही. सही टेबलासमोर करा, घरून करून आणू नका. तो कागद मी पालकांना मोठ्याने वाचून दाखवते, कारण त्यात समुद्राचे धोके लिहिलेले असतात आणि ते कानावर पडायला हवेत.

डॉक्टरांचा दाखला. साधा ‘फिट’ एवढाच शेरा असून भागत नाही. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही-शिक्का आणि तारीख हवी, आणि दाखला त्याच हंगामाचा हवा.

याशिवाय दोन फोटो, पत्त्याचा पुरावा, रक्तगट, आणि तातडीच्या वेळी संपर्क साधायला दोन वेगवेगळ्या माणसांचे नंबर. या शेवटच्या रकान्यासाठी मी अडून बसते. आई-बाबा दोघेही मुलासोबत किनाऱ्यावर असतात आणि दोघांचे फोन गाडीत एकाच पिशवीत असतात. म्हणून एक नंबर घरी असलेल्या माणसाचा द्या.

आरोग्याच्या पानाबद्दल थोडं थांबून सांगते. दम्याचा त्रास, फिट येणं, कानाचा पडदा फाटलेला असणं, निखळलेला खांदा, चष्म्याचा मोठा नंबर, अशा गोष्टी लोक लपवतात. ‘लिहिलं तर घेणार नाहीत’ अशी भीती असते. खरं सांगायचं तर दमा असलेली मुलं आमच्याकडे वर्षानुवर्षं शिडं चालवतात. त्यांचा पंप पाण्यात भिजणार नाही अशा पिशवीत बचाव-बोटीवर ठेवलेला असतो, एवढंच. फिट येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांशी बोलूनच पुढे जातो, आणि कधी नकारही द्यावा लागतो. पण लपवलेल्या आजारापुढे बोटीवरचा माणूस अगदी हतबल होतो. तेवढं पान खरं भरा.

बोर्ड आणि शीड विकत घेऊ नका. निदान पहिला पूर्ण हंगाम तरी नाही. क्लबाचं सामान वापरा, शर्यतीची गोडी लागली तर कोणत्या वर्गात उतरायचं ते ठरवा, आणि मग खर्च करा. वर्ग म्हणजे ठरावीक मापाचा बोर्ड आणि ठरावीक मापाचं शीड. मुलांसाठी टेक्नो २९३ हा जगभर चालणारा वर्ग आहे. नावातला आकडा बोर्डाच्या लांबीचा: २९३ सेंटिमीटर. पंधरा वर्षांखालच्यांना ६.८ चौरस मीटरचं शीड, सतरा वर्षांखालच्यांना ७.८ चं. मोठ्यांचा ऑलिंपिक वर्ग २०२४ पासून आयक्यूफॉइल आहे. त्यात बोर्ड पाण्याला चिकटत नाही, खालच्या पंखावर उचलला जाऊन हवेतूनच जातो. त्याआधी २००८ पासून चार ऑलिंपिक आरएस:एक्स वर्गात झाली. भारताच्या इबाद अलीने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ च्या सप्टेंबरात, कांस्यपदक मिळवलं ते याच आरएस:एक्स वर्गात. तेव्हा कुणी जुना बोर्ड ‘ऑलिंपिकचा’ म्हणून विकायला आणला तर कोणत्या ऑलिंपिकचा ते विचारा.

शर्यतीचा प्रवेश अर्ज हा वेगळा कागद

सभासद झालं म्हणजे शर्यतीत नाव लागलं, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्येक शर्यतीची एक सूचना निघते, तिला नोटीस ऑफ रेस म्हणतात. कोणते वर्ग, कोणती वयाची तारीख, किती फेऱ्या, शुल्क किती, अर्जाची मुदत कधी, हे सगळं त्यात असतं. अर्ज भरण्याआधी ती वाचा. वय ‘आजचं’ धरत नाहीत, सूचनेत दिलेल्या तारखेचं धरतात. एका दिवसाने वरच्या गटात गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

शर्यती वर्ल्ड सेलिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी चालतात. हे नियमपुस्तक दर चार वर्षांनी बदलतं. सध्याचं २०२५ ते २०२८ चं. त्यातल्या नियम ७५ प्रमाणे प्रवेश घेणारा खेळाडू राष्ट्रीय संघटनेचा, किंवा तिच्याशी संलग्न क्लबाचा अथवा संस्थेचा सभासद हवा. भारतात ही राष्ट्रीय संघटना म्हणजे यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया. गोव्यात राज्य पातळीवर गोवा यॉटिंग असोसिएशन आहे. म्हणून क्लब निवडताना एक प्रश्न विचाराच: तुमचा क्लब संलग्न आहे का? किनाऱ्यावर तासाच्या हिशेबाने बोर्ड भाड्याने देणारे शिकवतात चांगलं, पण शर्यतीच्या अर्जावर ‘क्लब’ या रकान्यात त्यांचं नाव चालेलच असं नाही.

प्रवेश अर्जावर वर्ग, शीड क्रमांक, वयोगट, क्लब आणि सभासद क्रमांक एवढंच असतं. शीड क्रमांक तोच लिहा जो शिडावर प्रत्यक्ष आहे. आयत्या वेळी शीड बदललं तर शर्यतीआधी रेस कमिटीला लेखी कळवा. अंतिम रेषेवरची माणसं चेहरे ओळखत नाहीत, आकडे टिपतात. मोठ्या स्पर्धांत तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमाही मागतात, त्याची पॉलिसी हाताशी असू द्या.

अर्जाच्या तळाशी लिहिलेलं असतं की शर्यतीत उतरायचं की नाही, आणि मध्येच थांबायचं की नाही, हा निर्णय खेळाडूचा स्वतःचा. नियमपुस्तकातला नियम ३ हेच सांगतो. आयोजकांनी शर्यत रद्द केली नाही म्हणजे वारा तुमच्या मुलाला झेपेल असा त्याचा अर्थ नाही. अकरा वर्षांच्या मुलीने वाऱ्याकडे बघून “आज मी नाही जात” म्हटलं, तर तिला पुढे ढकलू नका. शुल्क बुडालं तर बुडू दे.

मुंबईकरांसाठी एक फरक. गोव्यात उधाणाला पाणी दोन-सव्वादोन मीटर चढतं-उतरतं. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते चार मीटरच्याही वर जातं आणि बंदरात ओढ जबरदस्त असते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, ती बरीच कमी. नवशिक्यांची तारीख ठरवताना कॅलेंडरातली तिथी बघणं हे तिथे अजिबात जुनाट नाही.

शर्यतीच्या दिवशी

नोंदणी झाल्यावर सगळ्या खेळाडूंची एक बैठक होते. तिला हजर राहा; मार्ग, बोये (वळणाच्या तरंगत्या खुणा) आणि वेळ तिथेच कळतात. सुरुवातीचा क्रम ठरलेला: पाच मिनिटं आधी वर्गाचा झेंडा, चार मिनिटं आधी तयारीचा, एक मिनिट आधी तो उतरतो, मग सुरुवात. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं निशाण दिसलं तर शर्यत पुढे ढकलली. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा म्हणजे चालू शर्यत सोडून दिली, परत या. पिवळ्या-लाल तिरक्या पट्ट्यांचा म्हणजे लाइफ जॅकेट सक्तीचं. आमच्याकडे तो नसला तरी ते सक्तीचंच असतं.

वाट कुणी कुणाला द्यायची, याचा पहिला धडा मुलांना आम्ही हातावर शिकवतो. डोलकाठीजवळ उजवा हात असेल तर वाट तुझी, डावा असेल तर तू द्यायची. चूक झाली तर बाजूला होऊन एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि पुढे जायचं. गुण उलटे असतात: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, आणि सगळ्यांत कमी बेरीज असलेला जिंकतो. तक्रार करायची तर पाण्यातच ‘प्रोटेस्ट’ असं ओरडावं लागतं आणि किनाऱ्यावर येऊन मुदतीत लेखी द्यावी लागते. सूचनेत वेगळी मुदत नसेल तर शेवटचा खेळाडू पोचल्यापासून दोन तास.

आता तो कागद, ज्याला मी सगळ्यांत जपते. पाण्यात जाताना आणि परत आल्यावर सही करायची वही. एका संध्याकाळी एक मुलगा पाचव्या फेरीत दमला, लांबच्या टोकाला किनाऱ्याला लागला, बोर्ड तिथेच एका झोपडीला टेकवून मामाच्या स्कूटरवर घरी गेला. वहीत परतल्याची सही नाही. दोन बोटी तासभर शोधत होत्या, ऊन उतरत होतं, आणि त्याची आई किनाऱ्यावर माझा हात धरून उभी होती. फोन लागला तेव्हा तो जेवत होता. त्या दिवसापासून परतीची सही राहिली तर त्या फेरीचा निकाल धरत नाही, असं आमच्या क्लबाच्या सूचनेत छापलेलं असतं. पालक कधी चिडतात. मी वही बंद करत नाही.

गावातल्या लोकांसाठी स्वतःच शर्यत भरवायची असेल तर कागद आणखी आहेत. गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स खातं, महाराष्ट्रात मेरीटाइम बोर्ड, मुंबई बंदराच्या हद्दीत तिथलं बंदर प्राधिकरण. शिवाय पोलीस, आणि वाळूवर मांडव घालायचा तर किनारा नियमन क्षेत्राची परवानगी. अर्जासोबत मार्गाचा नकाशा, बचाव-बोटींची यादी आणि खेळाडूंची अंदाजे संख्या द्या. महिनाभर आधी सुरुवात करा. पण या सगळ्याच्याही आधी रापणकारांकडे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांकडे जा. रापण कुठे ओढायची, कुठल्या दिवशी, जाळी कुठपर्यंत जातात, हे त्यांना माहीत असतं. त्यांच्या पोटाच्या कामात आपला बोया आडवा येऊ नये. आमचे मार्ग त्यांनीच दोनदा बदलून दिले आणि दोन्ही वेळा ते आधीपेक्षा चांगले निघाले.

बक्षीस मिळालं, प्रमाणपत्र हातात आलं, की तिथल्या तिथे वाचा. नाव जन्मदाखल्यावर आहे तसंच हवं, वडिलांचं नाव, जन्मतारीख, वर्ग, तारीख सगळं जुळायला हवं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते क्लबाच्या रविवारच्या शर्यतीवर मिळत नाही; राज्य, राष्ट्रीय आणि त्यावरच्या मान्य स्पर्धांतली कामगिरी लागते आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. तिथवर पोचलेल्या मुलाचं काम नावातल्या एका वेलांटीपायी अडू नये. दुरुस्ती हवी असेल तर त्याच संध्याकाळी टेबलापाशी या, आयोजकांचा शिक्का तेव्हा तिथेच असतो.